मॉडेल रेल्वेसाठी लोको शेडचा अभ्यास: टर्नटेबल विकत घेण्याआधी काय काय करायचं

मॉडेल रेल्वे करणारी मंडळी मला फोन करतात तेव्हा निम्म्या वेळा प्रश्न एकच असतो: "शेडचा नकाशा कुठे मिळेल?" शेड म्हणजे लोको शेड, इंजिनं ठेवायची आणि त्यांची देखभाल करायची जागा. तोवर घरात टर्नटेबल, म्हणजे इंजिन उभं करून फिरवायचा गोल फिरता पूल, आलेलं असतं आणि त्याच्याभोवती अर्धगोल पसरणाऱ्या परदेशी शेडचं, राउंडहाउसचं, किटही जोडून झालेलं असतं. आता त्याला शोभेल असं मराठवाड्यातलं एखादं गाव हवं असतं. भारतातली बहुसंख्य शेड सरळ होती, लांबट पत्र्याच्या छपराखाली दोन-चार रूळ. मग पूर्णा किंवा परभणीची पाटी लावूनही ते लेआउट युरोपातलं वाटतं आणि कुठे चुकलं ते करणाऱ्याला कळत नाही.

चूक क्रमाची असते. इंजिन शेडमध्ये आल्यावर त्याच्यावर कोणती कामं कोणत्या क्रमाने व्हायची हे आधी समजून घ्यायचं. इमारती, खड्डे, टाक्या, रूळ हे सगळं त्या कामांच्या सोयीसाठी उभं राहिलेलं असतं. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने घ्या. तिसरा टप्पा सोडून सहाव्यावर उडी मारलीत तर परत यावंच लागतं.

## सुरुवातीआधी: एक वही, तीन रंगांचे पेन

मोठी, आखीव नसलेली वही घ्या. स्वतः पाहिलेलं किंवा कागदावर सापडलेलं निळ्याने, कुणाकडून ऐकलेलं हिरव्याने, स्वतःचा अंदाज लाल रंगाने. आज हे उगाच वाटेल. सहा महिन्यांनी मात्र "टाकी शेडच्या उत्तरेला" हे वाक्य आपण नकाशात पाहिलं होतं की मनाने ठरवलं होतं, ते आठवत नाही. मी अशा एका अंदाजावर यार्डाची एक अख्खी बाजू बांधली आणि नंतर उपटली.

## टप्पा १: गाव आणि वर्ष, दोन्ही एकत्र ठरवा

नुसतं "मराठवाड्यातलं शेड" असं काही नसतं. त्याच जागेवर वीस वर्षांच्या अंतराने गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सुद्धा बदललेला असतो. ढोबळ पर्याय असे:

मनमाड–औरंगाबाद–परभणी–पूर्णा–नांदेड हा मार्ग मुळात मीटर गेज. नव्वदच्या दशकात तो टप्प्याटप्प्याने ब्रॉड गेज झाला. पूर्णा–हिंगोली–अकोला मार्गावर मीटर गेज २००८ पर्यंत टिकली. लातूर–कुर्डुवाडी ही बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज, २ फूट ६ इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर. ती लातूरला १९११ मध्ये पोहोचली आणि ब्रॉड गेज व्हायला २००८ उजाडलं.

वर्ष ठरवताना "वाफेचा काळ" असं मोघम लिहू नका. १९६५ आणि १९८५ हे दोन्ही वाफेचेच काळ, पण दुसऱ्यात डिझेल इंजिन शेजारी उभं असण्याची शक्यता आहे आणि त्याने सगळी मांडणी बदलते. एकच वर्ष लिहा आणि पुढेमागे पाच वर्षांची मुभा ठेवा.

तपासणी: वहीच्या पहिल्या पानावर एका ओळीत लिहिता आलं पाहिजे: गाव, वर्ष, गेज, आणि शेड मुख्य की ट्रिप शेड. मुख्य शेडवर इंजिनांची नोंद असते आणि मोठी दुरुस्ती होते. ट्रिप शेडवर गाडी घेऊन आलेलं इंजिन कोळसा-पाणी घेतं, आग साफ करतं, वळतं आणि परत जातं. घरात आठ-दहा फुटांची जागा असेल तर माझा आग्रह ट्रिप शेडचाच. तिथे सगळी रोजची कामं दिसतात आणि काहीही अर्धवट कापावं लागत नाही.

## टप्पा २: स्केल आणि गेजचं गणित

हे लवकर उरकण्यासारखं आहे, पण चुकलं तर पुढची सगळी मापं चुकतात.

एचओ म्हणजे १:८७, खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. या स्केलला ७६२ मिमीची नॅरो गेज ८.८ मिमी होते, म्हणजे बाजारात मिळणारा ९ मिमीचा, एन नावाच्या छोट्या स्केलचा रूळ चालतो. मीटर गेज ११.५ मिमी होते आणि १२ मिमीचा रूळ चालतो. घोळ ब्रॉड गेजचा आहे. १६७६ मिमी १:८७ ला १९.३ मिमी होते आणि सर्रास विकला जाणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा असतो, कारण तो १४३५ मिमीच्या परदेशी गेजसाठी आहे. तो वापरायला हरकत नाही, पण रूळ अरुंद आहे हे लक्षात ठेवून खड्डे आणि फलाटांची अंतरं गाडीच्या रुंदीवरून काढा. रुळाच्या रुंदीवरून काढलीत तर गाडी फलाटाला घासते.

सावधान: मनमाड किंवा कुर्डुवाडीसारखं दोन गेजचं स्टेशन करत असाल तर दोन्हीला स्केल एकच ठेवा. मीटर गेजसाठी वेगळ्या स्केलचं स्वस्त इंजिन मिळतंय म्हणून घेतलंत तर दोन फलाटांवरची माणसं वेगवेगळ्या उंचीची होतात.

## टप्पा ३: इंजिनांची यादी, लांबीसकट

आता शेडमध्ये येणार कोण ते लिहा. स्वातंत्र्यानंतर मीटर गेजवर प्रमाणित झालेली वाफेची मुख्य इंजिनं दोन: प्रवासी गाडीसाठी वायपी (४-६-२) आणि मालगाडीसाठी वायजी (२-८-२). कंसातले आकडे म्हणजे पुढची, मधली आणि मागची चाकं. पुढे डिझेलमध्ये वायडीएम-४. ब्रॉड गेजवर डब्ल्यूडीएम-२. बार्शी लाइटच्या सुरुवातीच्या काळात किट्सन कंपनीची ०-८-४ टँक इंजिनं, म्हणजे पाण्याची टाकी अंगावरच असलेली, होती.

प्रत्येक नावापुढे लांबी लिहा. वायपी टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, साधारण १९ मीटर, म्हणजे १:८७ ला २१८ मिमी. डब्ल्यूडीएम-२ १७.१२ मीटर, म्हणजे १९७ मिमी. यातलं सर्वांत लांब इंजिन तुमची पट्टी. टर्नटेबल, राखेचा खड्डा, शेडची खोली, सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं. वायपीसाठी तीन इंजिनं मागेपुढे उभी राहतील असं शेड हवं असेल तर नुसत्या इंजिनांनाच ६५ सेंटीमीटर लागतात. मधे आणि टोकांना माणसाला फिरायला खऱ्या मापाचे तीन-तीन मीटर सोडले की शेड ७९ सेंटीमीटरवर जातं. बाजारातलं दोन इंजिनांचं म्हणून विकलं जाणारं शेड बरेचदा छोट्या टँक इंजिनांसाठी असतं. विकत घेण्याआधी आतली लांबी मोजा.

सावधान: जुन्या फोटोत एखादं इंजिन दिसलं म्हणजे ते त्या शेडचं असं नाही. इंजिनावर त्याच्या मुख्य शेडचं नाव लिहिलेलं असतं, डिझेलवर तर ठळक. ते वाचा. पाहुणं इंजिन यादीत घ्या, पण त्याच्यासाठी दुरुस्तीची सोय मांडू नका.

## टप्पा ४: कामांचा क्रम कागदावर उतरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी पहिल्या लेआउटवर पाण्याचा खांब, म्हणजे वॉटर कॉलम, शोभेल तिथे लावला होता. इंजिनाचं तोंड शेडकडे करून थांबलं की चिमणीच्या शेजारी खांब. एक निवृत्त फायरमन काका घरी आले. बराच वेळ पाहिलं आणि टेंडरच्या मागच्या टोकावर बोट ठेवून म्हणाले, "पाणी इथून आत जातंय. खांब तिकडं कसा?" तेव्हापासून मी वस्तू मांडण्याआधी काम लिहून काढतो.

गाडी सोडून सुटं इंजिन शेडकडे निघालं इथून सुरुवात करा.

आत येणं. मुख्य मार्गाला अडथळा न करता इंजिन शेडच्या रुळावर यायला हवं. यायचा आणि जायचा रूळ वेगळा असेल तर उत्तम. एकच असेल तर दोन इंजिनं समोरासमोर आल्यावर एकाने थांबायचं कुठे, ते आत्ताच ठरवा.

कोळसा. परदेशी किटमधले उंच काँक्रीटचे कोलिंग टॉवर इथल्या छोट्या शेडवर ठेवू नका. इथे बहुतेक ठिकाणी वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, उतरवलेला कोळसा ओट्यावर रचलेला असायचा आणि मजूर डोक्यावरच्या पाट्या-घमेल्यांनी तो टेंडरमध्ये टाकायचे. म्हणजे लागतं काय? टेंडरला लागून उंच ओटा, त्याच्या दुसऱ्या बाजूला वाघिणींचा रूळ आणि मधे माणसांना चढायला उतार.

राखेचा खड्डा. आग साफ करायची, क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, काढायचा, राखेची पेटी रिकामी करायची, पुढच्या धूरपेटीतली काजळी उपसायची. हे वेळखाऊ काम आहे, त्यामुळे इथेच इंजिनांची रांग लागते. खड्ड्याच्या मागे निदान एका इंजिनाला थांबायला जागा ठेवा. तापलेली राख विझवायला पाण्याचा नळ किंवा पाइप जवळ, आणि बाहेर काढलेली राख भरून न्यायला एक वाघीण. ही राखेची वाघीण जवळजवळ सगळे विसरतात. कोळसा आत आला तसा त्याचा उरलेला भाग बाहेर जाणारच.

पाणी. पुष्कळदा खांब खड्ड्याजवळच असतो, म्हणजे इंजिन एकदा उभं राहिलं की आग साफ होते आणि टेंडरही भरतं. त्यासाठी राखेच्या पेटीपासून टेंडरच्या तोंडापर्यंतचं अंतर तुमच्या इंजिनावर मोजा आणि खड्ड्याच्या मध्यापासून तेवढ्या अंतरावर खांब लावा. टँक इंजिनाला टेंडर नसतं, पाण्याचं तोंड बॉयलरच्या बाजूच्या टाकीवर असतं. म्हणून नॅरो गेजवर हे अंतर पार बदलतं.

मग प्रश्न, खांबात पाणी येतं कुठून? २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या मुलखात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे वाफेच्या इंजिनांचं पाणी ही किरकोळ बाब नव्हती. नदी, विहीर, पंपघर, उंच टाकी आणि टाकीतून खांबाकडे जाणारा नळ ही सगळी साखळी कागदावर हवी. लेआउटवर नदी दाखवणार नसाल तरी पंपाचा नळ कोणत्या दिशेने येतो ते माहीत हवं.

वळणं. टेंडरवालं इंजिन उलटं फार लांब नेत नाहीत, म्हणून ते वळवावं लागतं. टर्नटेबल किंवा तीन बाजूंचा रूळ, ज्याला रेल्वेत ट्रायँगल म्हणतात. तुमच्या गावी दोन्हीपैकी काय होतं हे शोधल्याशिवाय खर्च करू नका. ट्रायँगल असेल तर टर्नटेबलचे पैसे वाचतात, पण जागा दामदुप्पट लागते. टँक इंजिनाला आणि डिझेलला वळवण्याची गरज फारशी नसते.

वाळू. चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर सोडायची वाळू कोरडीच लागते, ओली वाळू नळीत अडकते. म्हणजे वाळूचा ढीग, ती वाळवायची भट्टी आणि कोरडी वाळू ठेवायची छोटी झाकलेली खोली. खोली छोटी, पण शेड खरं वाटायला तिच्याइतकं काहीच उपयोगी पडत नाही.

शेड. खड्ड्यात उतरून तपासणी, तेलपाणी, नळ्या साफ करणं, ठराविक दिवसांनी बॉयलर धुणं. धुलाईचं पाणी वाहून जायला नाली. थंड इंजिन पेटवून वाफ यायला काही तास लागतात, म्हणून निघणारी इंजिनं आधीपासून पेटलेली असतात आणि ती आतल्या इंजिनांच्या मागे अडकून चालत नाहीत. एका टोकाला बंद असलेल्या शेडमध्ये कोणतं इंजिन कुठे उभं करायचं याचा रोजचा हिशोब असायचा.

आता हाच क्रम तुमच्या गावी तंतोतंत असेल असं नाही. काही ठिकाणी कोळसा आधी, काही ठिकाणी राख आधी. तो मागेपुढे का आहे, हे पुढच्या दोन टप्प्यांत विचारायचं.

डिझेलचं वर्ष निवडलं असेल तर काम बरंच सोपं. राख नाही, कोळसा नाही. इंधनाची टाकी, टँकवाघिणी रिकाम्या करायचा रूळ, इंधन भरायचे पंप, वंगण तेल, वाळू, इंजिन थंड ठेवायला प्रक्रिया केलेलं पाणी. मोठ्या शेडमध्ये काम तीन पातळ्यांवर चालतं: खड्ड्यात, जमिनीवर आणि केबिनच्या पातळीच्या उंच फलाटावर, वर सरकती क्रेन. इंधनाचे पंप शेडच्या छपराखाली लावणं ही इथली नेहमीची चूक. ते आगीच्या कामांपासून दूर, उघड्यावर ठेवा. डिझेल आणि वाफ एकत्र दाखवायचं असेल तर दोन्हीची दुरुस्ती वेगवेगळ्या इमारतींत करा. कोळशाची धूळ डिझेल इंजिनाच्या पोटात जाणं कुणालाच परवडायचं नाही.

तपासणी: कामांची यादी एखाद्या नात्यातल्या मुलाला वाचून दाखवा आणि त्याला इंजिन व्हायला सांगा. तो कुठे "मग मी आता कुठे जाऊ?" म्हणाला की तिथे एक रूळ किंवा एक काटा, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर जायचा फाटा, राहिलाय.

## टप्पा ५: कागद कुठल्या दारी मागायचे

इथे लोक महिनोन्‌महिने घालवतात, कारण चुकीच्या कार्यालयात अर्ज जातो.

नांदेड विभाग २००३ मध्ये हैदराबाद विभागातून वेगळा झाला. त्याआधीचा परभणी-पूर्णा-नांदेडचा कागद नांदेडला नसेल तर हैदराबादकडे विचारा. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तर लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात. नावं सारखी, दारं वेगळी. त्यात सोलापूर विभाग १९६६ ते १९७७ दक्षिण मध्य रेल्वेत होता, त्यामुळे त्या काळातल्या लातूरच्या कागदावर शिक्का सिकंदराबादचा असू शकतो. बार्शी लाइट १ जानेवारी १९५४ ला सरकारने घेतली, त्याआधीचे कागद कंपनीचे. निजामाच्या काळातल्या रेल्वेचे प्रशासकीय अहवाल हवे असतील तर हैदराबादला तार्नाका इथलं राज्य अभिलेखागार गाठा.

मागायचं काय? "शेडची सर्व माहिती द्या" असं लिहू नका. स्टेशनचा यार्ड प्लॅन आणि रेल्वेच्या जमिनीचा नकाशा मागा. हे अभियांत्रिकी शाखेकडे असतात, लोको शाखेकडे नाही. जमिनीचे नकाशे टिकवून ठेवायचेच असतात, त्यामुळे इमारत पाडून तीस वर्षं झाली तरी तिची रेघ त्यावर मिळण्याची आशा असते. सोबत त्या वर्षाचं वर्किंग टाइमटेबल, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीचं वेळापत्रक, मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण दिवसाला किती इंजिनं यायची हे त्यावरून मोजता येतं.

माहिती अधिकाराचा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, मजकूर साधारण ५०० शब्दांच्या आत. छायाप्रत २ रुपये पानाला, पण यार्डाचा नकाशा त्या पानात मावत नाही. म्हणून अर्जात "अभिलेखाची पाहणी" मागा. पाहणीचा पहिला तास विनाशुल्क, पुढे तासाला ५ रुपये. टेबलावर पसरलेला मूळ नकाशा दोन तास पाहणं हे दहा धूसर प्रतींपेक्षा कितीतरी चांगलं. आणि बंद पडलेल्या, पाडलेल्या जागेचा नकाशा मागताय हे स्पष्ट लिहा. चालू यार्डाचा नकाशा सुरक्षेच्या कारणाने नाकारला जाऊ शकतो.

नकाशांबद्दल दोन शब्द. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांत मराठवाडा मुख्यतः ४७ आणि ५६ या मालिकांत येतो. अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागाची यू५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात विनामूल्य पाहता येते, पण ती १:२,५०,००० ची आहे. तिच्यावर एक मिलिमीटर म्हणजे पाव किलोमीटर. मार्ग कुठून कसा जायचा ते कळेल, शेड दिसणार नाही. उपग्रहाच्या जुन्या चित्रांत पूर्णा–अकोला मार्गाचे काही अवशेष सापडतात, मनमाड–औरंगाबादची मीटर गेज मात्र ती चित्रं यायच्या आधीच उखडली गेली होती.

## टप्पा ६: माणसांकडे जा, उशीर करू नका

वाफेवर काम केलेली माणसं आता थकली आहेत. कागद पुढच्या वर्षीही मिळेल, ही माणसं मिळतीलच असं नाही. म्हणून पाचव्या टप्प्यातला अर्ज टाकला की उत्तराची वाट न पाहता भेटी सुरू करा.

पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावात मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी कुटुंबं आहेत. शब्द आपले लादू नका. आपण "लोको पायलट" म्हणालो तर जुने ड्रायव्हर गप्प होतात. ड्रायव्हर, फायरमन, खलाशी, शंटर, फिटर हे त्यांचे शब्द. फिटर काकांकडून शेडच्या आतलं, फायरमनकडून राख-पाण्याचं आणि यार्डात इंजिनं-डबे हलवणाऱ्या शंटरकडून रुळांचं कळतं. तिघांनाही एकच प्रश्नपत्रिका देऊ नका.

"शेड कसं होतं काका?" या प्रश्नाला "लई मोठं होतं" एवढंच उत्तर येतं. असं विचारा: ड्युटीवर आल्यावर पहिली सही कुठे करायचात? तिथून इंजिनाकडे जाताना कोणते रूळ ओलांडायचे? पावसात उभं राहायला आडोसा कुठे होता? चहाची टपरी कोणत्या बाजूला? पायांना जे आठवतं ते तोंडाला लवकर आठवत नाही.

आणि कागद-पेन्सिल त्यांच्या हातात देऊ नका, भल्याभल्यांना नकाशा काढायचा संकोच वाटतो. मी एकदा परसात कडब्याच्या धाटांचे तुकडे रूळ म्हणून मांडले आणि काडेपेट्या इंजिनं म्हणून. काकांनी आपणहून दोन धाटं उचलून जागा बदलली, "हा रूळ इकडून यायचा, नाहीतर राखेची वाघीण निघणार कशी?" ती मांडणी वरून फोटो काढून ठेवली. तोवर माझ्या वहीत राखेच्या वाघिणीला रूळच नव्हता.

तपासणी: एकच गोष्ट दोन माणसांनी, एकमेकांसमोर नसताना, सारखी सांगितली तरच तिचा हिरवा रंग निळ्याकडे न्या. दोघं वेगळं सांगत असतील तर आधी दोघांची वर्षं विचारा. बरेचदा दोघंही बरोबर असतात, मधे यार्ड बदललेलं असतं.

## टप्पा ७: जागेवर जाणं

लेखी परवानगी घेऊनच जा. स्टेशन व्यवस्थापकाला आधी भेटा, यार्डात जायचं असेल तर विभागीय कार्यालयाचं पत्र घ्या. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना घुसणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, दंड १,००० रुपयांपर्यंत किंवा कैद सहा महिन्यांपर्यंत, किंवा दोन्ही. शिवाय आता या मार्गांवर विजेच्या तारा आहेत. लांब लोखंडी टेप किंवा उंच काठी घेऊन फिरू नका, कापडी टेप वापरा.

शोधायचं काय? काळ्या दगडाचे चौथरे, खड्ड्याच्या कडा, टाकीचे खांब आणि जमिनीचा रंग. शेडजवळचे रूळ पुष्कळदा खडीऐवजी इंजिनातूनच निघालेल्या राखेवर टाकलेले असत. आसपासच्या काळ्या मातीत कुठे भुरकट, कोळशाचे कण असलेला पट्टा दिसला की तिथे रूळ होता असं लाल पेनाने लिहा आणि नकाशाशी जुळलं तर निळ्याने गिरवा.

वाफेचं काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर हरियाणातलं रेवाडीचं शेड आहे, तिथे मीटर गेजची इंजिनंही जपली आहेत. नॅरो गेजवाल्यांनी नेरळ पाहावं, पण ती २ फुटी आहे, बार्शीची अडीच फुटी. मापं जशीच्या तशी उचलू नका.

## टप्पा ८: फोटोवरून मापं

नकाशा नाहीच मिळाला तर एक बरा फोटोही पुरतो, त्यात मापाची काठी शोधता आली पाहिजे. या काठ्या मी वापरतो:

रुळांची लांबी. मीटर गेजचा प्रमाणित रूळ १२ मीटरचा, ब्रॉड गेजचा १३ मीटरचा. सांधे मोजा, अंतर मिळतं. लाकडी स्लीपर, म्हणजे रुळाखालचा आडवा ओंडका, मीटर गेजला १.८३ मीटर, ब्रॉड गेजला २.७५ मीटर. पत्र्याच्या नाळी साधारण ७५ मिमी अंतरावर असतात, छपराच्या कडेच्या नाळी मोजून शेडची रुंदी काढता येते. चौकोनी पोलादी पत्र्यांची जोडलेली टाकी असेल तर एक चौकोन बहुधा ४ फुटी, म्हणजे १.२२ मीटर. सहा चौकोन लांब, चार रुंद आणि दोन उंच टाकी म्हणजे सुमारे ८७ हजार लिटर पाणी.

सावधान: काठी आणि मोजायची वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हव्यात. पुढच्या स्लीपरवरून मागच्या टाकीची उंची काढलीत तर टाकी निम्मी येईल. शेडचा दर्शनी भाग आणि त्याच भिंतीला लागून येणारा रूळ, अशी जोडी धरा.

## टप्पा ९: आक्रसणं, आणि पुठ्ठ्याची चाचणी

खरं यार्ड जसंच्या तसं कुणाच्याच घरात मावत नाही. इथल्या यार्डांत सर्रास असणारा १:८.५ चा काटा ६.७ अंशांत फुटतो, बाजारातले एचओ काटे पुष्कळदा १२ अंशांचे असतात. म्हणजे काट्यांमुळे थोडी जागा आपोआपच वाचते. पुढे कापायचं ते हे: शेडमधल्या रुळांची संख्या, इंजिनं उभी करून ठेवायचे रूळ, कोळशाच्या ओट्याची लांबी. न कापायचं ते हे: राखेच्या खड्ड्यामागची थांबायची जागा, दोन रुळांमधून माणूस चालण्याइतकं अंतर आणि शंटिंग नेकची, म्हणजे इंजिन-डबे मागेपुढे करायच्या टोकाच्या रुळाची, लांबी. शंटिंग नेक सर्वांत लांब इंजिन अधिक एक वाघीण एवढी तरी हवीच, नाहीतर राखेची वाघीण कायमची आत अडकते.

ड्रॉइंग शीट जमिनीवर अंथरा, रूळ पेन्सिलने पूर्ण आकारात काढा. प्रत्येक इंजिनाची पुठ्ठ्याची पट्टी कापा, वायपीची २१८ मिमी, आणि तिच्यावर टेंडरचं तोंड आणि राखेची पेटी कुठे ते खुणा करून ठेवा. वाघिणींच्याही पट्ट्या करा. मग वर्किंग टाइमटेबलमधला एक दिवस घ्या, सकाळचं पहिलं इंजिन आत आणा आणि वहीतल्या क्रमाने एकेका कामाला थांबवत फिरवा. दुसरं आणा. कोळशाच्या भरलेल्या वाघिणी आणा, रिकाम्या बाहेर काढा.

पट्टी उचलून पलीकडे ठेवावी लागली त्या प्रत्येक जागी लाल फुली मारा. एकही फुली न पडता तो दिवस संपला की टर्नटेबलची ऑर्डर द्या.